पराभवामुळे कोणी जात नाही

अनेकांनी एकत्र खेळायच्या मल्टिप्लेअर गेमसाठी हौसेने मॅप, म्हणजे सामना जिथे खेळला जातो ती जागा, तयार करणाऱ्यांना एक प्रश्न वारंवार विचारला जातो आणि तो मलाही अनेकांनी विचारला आहे: गेम दिसायला देखणा असतो, पहिले काही आठवडे सर्व्हर भरलेले असतात, मग खेळणारे एकाएकी जातात कुठे? विचारणाऱ्याजवळ बहुधा उत्तरही तयार असते, ते म्हणजे नवख्या खेळाडूंना सततचे हरणे सोसवत नाही. तुम्हीही तोच प्रश्न त्याच उत्तरासह विचारलेत म्हणून माझे म्हणणे सविस्तर मांडते.

दोन संघांच्या सामन्यात एक संघ हरणारच. मॅचमेकिंगची यंत्रणा नीट चालत असेल, तर ती प्रत्येकाला त्याच्या तोडीचे प्रतिस्पर्धी शोधून देते, म्हणजेच त्याने साधारण निम्मे सामने हरावेत अशीच व्यवस्था करते. पराभव हेच निघून जाण्याचे कारण असते, तर बुद्धिबळापासून आजच्या शूटर गेमपर्यंत एकही खेळ टिकला नसता. हरल्यानंतर ‘मी त्या दाराने जायला नको होते’ असे ज्याला म्हणता येते, तो पुन्हा खेळायला बसतो, कारण पुढच्या वेळी काय बदलायचे ते त्याला उमगलेले असते. ज्या पराभवानंतर असे म्हणण्याजोगे काहीच हाती लागत नाही, तो पराभव माणसाला घालवतो. आपल्या कोणत्याही निर्णयाने फरक पडणार नव्हता, सामन्याचा निकाल पात्रे निवडतानाच किंवा मॅप लोड होतानाच लागला होता, ही जाणीव काही वेळा झाली की खेळाडू तक्रारही न करता जातो.

बॅलन्स, म्हणजे शस्त्रे आणि पात्रे यांच्या ताकदीचा तोल, आणि मॅप ही दोन वेगळी खाती मानली जातात, आणि माझ्या मते बऱ्याच चुकांचे मूळ तिथेच आहे. एखाद्या स्नायपर रायफलबद्दल तक्रारी वाढल्या की तिचे नुकसान-आकडे कमी केले जातात, म्हणजे तिला ‘नर्फ’ केले जाते. परंतु ती रायफल प्रबळ ठरली ती शंभर मीटर सरळ दृष्टिरेषा असलेल्या आणि मध्ये एकही आडोसा नसलेल्या पटांगणामुळे. आकडे उतरवल्यावर ती अरुंद गल्ल्यांच्या मॅपवर निरुपयोगी होते आणि पटांगणावर मात्र तिची जागा दुसरी लांब पल्ल्याची बंदूक घेते. एक भिंत किंवा उभा केलेला एक ट्रक जे काम करू शकला असता, त्यासाठी सगळा शस्त्रसाठा हलवला जातो. शस्त्राला स्वतःची अशी ताकद नसते, ती त्याला जमिनीवर मिळते.

याचा सर्वांत मोठा दाखला ‘स्टारक्राफ्ट: ब्रूड वॉर’चा आहे. १९९८ मध्ये आलेल्या, तळ उभारून सैन्य लढवण्याच्या या गेममध्ये टेरन, झर्ग आणि प्रोटॉस या तीन पूर्णपणे भिन्न जमाती आहेत. त्यांच्या ताकदीत शेवटचा महत्त्वाचा बदल २००१ साली १.०८ या पॅचने, म्हणजे गेमच्या सुधारित आवृत्तीने, झाला. त्यानंतर दक्षिण कोरियातील व्यावसायिक स्पर्धा दशकभर जोमात चालल्या, आणि एवढ्या काळात एखादी जमात वरचढ होऊ लागली की तिला आवरण्याचे काम मॅप बनवणाऱ्यांकडे असे. तळाकडे चढणारा उतार किती रुंद ठेवायचा, दुसऱ्या तळावर गॅस द्यायचा की फक्त खनिज (सैन्य उभारायला ही दोन साधने लागतात), दोन तळांमधील अंतर जमिनीवरून किती आणि हवेतून किती, दुसऱ्या तळाच्या डोक्यावर कडा ठेवायचा की नाही, एवढ्याच गोष्टी त्यांच्या हातात होत्या. ‘लॉस्ट टेम्पल’ या जुन्या मॅपवर टेरन खेळाडू अशाच कड्यावर रणगाडे उतरवून खालचा तळ उद्ध्वस्त करत असत, आणि रणगाड्याच्या आकड्यांना हात न लावताही कड्याची रचना बदलून तो प्रश्न आटोक्यात येऊ शकत होता. दुसऱ्या तळावरचा गॅस काढला की झर्गचे हाल होतात, कारण त्यांची मदार लवकर मिळणाऱ्या गॅसवर असते. ज्या गेमचे नियम गोठलेले होते, तो केवळ जमीन बदलत राहिल्यामुळे ताजा राहिला, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. याउलट २०१० मध्ये आलेल्या ‘स्टारक्राफ्ट २’च्या सुरुवातीच्या मॅपपैकी ‘स्टेप्स ऑफ वॉर’ इतका आखूड होता की तिसरा तळ उभारण्याची वेळ येण्याआधीच बरेच सामने संपत, आणि मोठे मॅप आल्यावरच त्या गेमचा लांब पल्ल्याचा खेळ दिसू लागला.

अंतर म्हणजे वेळ, आणि मारला गेलेला खेळाडू पुन्हा लढाईत पोहोचायला किती वेळ घेतो, यावर सामन्याचा तोल अवलंबून असतो. ‘ओव्हरवॉच’मधील ‘हानामुरा’सारख्या दोन ठाणी जिंकण्याच्या मॅपवर दुसऱ्या ठाण्याजवळ बचाव करणाऱ्यांचा स्पॉन, म्हणजे मेल्यावर पुन्हा उभे राहण्याची जागा, अगदी लागून होता, तर हल्ला करणाऱ्यांना लांबून चालत यावे लागे. त्यामुळे बचावातला माणूस मेला तरी काही क्षणांत परत उभा राही, आणि हल्लेखोरांचा एक जण पडला की उरलेल्या पाच जणांनी थांबायचे, नाहीतर एकेक करून मरायचे. हा सगळा प्रकारच २०२२ मध्ये ‘ओव्हरवॉच २’च्या नेहमीच्या सामन्यांमधून काढून टाकण्यात आला. ‘बॅटलफील्ड २०४२’ने हीच चूक वेगळ्या मापात केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या या गेममध्ये एका सामन्यात १२८ पर्यंत खेळाडू असत आणि त्यांच्यासाठी मॅप प्रचंड पसरवले होते. परिणामी खेळाडू उघड्या मैदानातून बराच वेळ धावत जाई आणि पोहोचण्यापूर्वीच कुठूनतरी आलेल्या गोळीने मरे. आपल्याला कोणी मारले हे त्याला कळत नसे आणि आडोसा नसल्यामुळे पुढच्या वेळी काय करावे हेही कळत नसे. सुरुवातीला स्टीम या संगणकावरील गेमच्या दुकानातून एकाच वेळी सुमारे लाखभर लोक खेळत होते, ते काही महिन्यांत काही हजारांवर आले. तांत्रिक दोषांचा त्यात मोठा वाटा होता हे मान्य करावेच लागेल, तरीही २०२२ मध्ये निर्मात्यांनी स्वतःच लांब चाल, तुटपुंजे आडोसे आणि मोकाट दृष्टिरेषा ही दुखणी कबूल केली, जुने मॅप नव्याने घडवले, तळ जवळ आणले आणि ‘ब्रेकथ्रू’ या खेळप्रकारातील खेळाडूंची संख्या १२८ वरून ६४ केली. तोवर गेलेले बहुतेक लोक दुसरीकडे रुळले होते.

इथे कोणी म्हणेल की मग दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या करा. मला ते पटत नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’चा ‘डस्ट २’ हा २००१ चा मॅप अजिबात समान नाही, तिथे दोन्ही बाजूंचे काम वेगळे, वाटा वेगळ्या आणि सोयी-गैरसोयीही वेगळ्या आहेत. तरीही तो वीस वर्षांहून अधिक काळ खेळला जातो. एक तर अर्ध्या सामन्यानंतर बाजू बदलतात, त्यामुळे गैरसोय दोघांच्या वाट्याला येते. दुसरे, मधल्या दारांवर स्नायपर बसला असेल तर धूर टाकता येतो, बोगद्यातून वळसा घेता येतो किंवा लांबच्या वाटेने जाता येते. प्रत्येक संकटाला किमान एक उत्तर मॅपमध्येच ठेवलेले आहे. विषमता लोक आनंदाने स्वीकारतात, निरुत्तर होणे मात्र स्वीकारत नाहीत.

पात्रांच्या बाबतीत हे निरुत्तर होणे कसे असते, ते ‘ओव्हरवॉच’मध्ये २०१८ साली ब्रिगिट हे पात्र आल्यानंतर दिसले. तीन टँक (मार झेलणारी पात्रे) आणि तीन सपोर्ट (साथीदारांना सावरणारी पात्रे) अशी ‘गोट्स’ नावाने ओळखली जाणारी रचना इतकी भक्कम ठरली की नेमबाजीची पात्रे आवडणाऱ्यांना वरच्या पातळीवर जवळपास जागाच उरली नाही. २०१९ मध्ये प्रत्येक संघात दोन टँक, दोन नुकसान करणारे आणि दोन सपोर्ट हे बंधन घालावे लागले. रचना मोडली, परंतु बहुसंख्य लोकांना नुकसान करणारी पात्रेच खेळायची असल्यामुळे त्यांची रांग लांबली आणि सामन्यासाठी ताटकळणे वाढले. बॅलन्सचे दुखणे वेळेत आवरले नाही की ते रांगेत जाऊन बसते.

आकडे पाहणाऱ्यांनाही हे बऱ्याचदा दिसत नाही. एखाद्या पात्राचा विजयदर पन्नास टक्के दिसला की ते संतुलित समजले जाते. पण तेच पात्र नवख्यांच्या हातात चाळीस टक्के आणि मुरलेल्यांच्या हातात साठ टक्के जिंकत असेल, तरी सरासरी पन्नासच येऊ शकते. शिवाय प्रबळ पात्र घेऊन खेळणारा रँकमध्ये वर चढत जातो आणि शेवटी अशा ठिकाणी पोहोचतो जिथे त्याचा विजयदर पुन्हा पन्नासवर येतो. अन्याय झालेला असतो, पण आकड्यात तो उरत नाही. ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या निर्मात्यांनी २०१९ मध्ये आपली पद्धत जाहीर करताना सामान्य, कुशल, अव्वल आणि व्यावसायिक अशा चार गटांसाठी वेगवेगळे निकष ठेवले, ते मला म्हणूनच योग्य वाटते.

गळती एकदा सुरू झाली की ती स्वतःला पोसते. समजा एका वेळी २,००० लोक खेळत आहेत. तीन प्रदेश, चार खेळप्रकार आणि पाच रँक धरल्या तर साठ कप्पे होतात आणि प्रत्येकात जेमतेम तेहतीस माणसे उरतात, त्यांतलीही बहुतेक आधीच सामन्यात असतात. मग यंत्रणा नाइलाजाने निकष सैल करते, नवखा मुरलेल्यांसमोर येतो, मार खातो आणि जातो, त्यामुळे कप्पा आणखी रिकामा होतो. विकत घ्यावे लागणारे मॅप हे विभाजन आणखी वाढवत, कारण ज्याच्याकडे नवे मॅप नाहीत तो त्या रांगेत येऊच शकत नसे. २०१६ च्या ‘टायटनफॉल २’ने नवे मॅप सर्वांना मोफत दिले, तो निर्णय औदार्यापेक्षा शहाणपणाचा होता.

तेव्हा लहान संघाला मी एकच सांगते: मॅप कमी ठेवा, खेळप्रकार कमी ठेवा आणि दुरुस्ती लवकर करा. ‘फोर्टनाइट’मध्ये डिसेंबर २०१८ ला आलेली ‘इन्फिनिटी ब्लेड’ ही तलवार इतकी अनावर निघाली की ती काही दिवसांतच काढून घेतली गेली, आणि तो घाव तिथेच थांबला. दुरुस्ती कुठून सुरू करावी हे विजयदरापेक्षा लोकांच्या वागण्यातून अधिक लवकर कळते. सामन्याच्या कोणत्या मिनिटाला खेळाडू बाहेर पडतात, मेल्यावर पुन्हा उभे राहण्याआधीच कितीजण खिडकी बंद करतात, आणि विशेषतः एखाद्या मॅपचे नाव लोडिंगच्या पडद्यावर येताच कितीजण सामना सुरू होण्यापूर्वीच निघून जातात, याची नोंद सर्व्हरवर सहज ठेवता येते. त्या यादीत जो मॅप सर्वांत वर असेल, तो नव्या मॅपचे काम थांबवून आधी हातात घ्यावा.