व्हॅस्क्युलायटिसमध्ये धाप लागली: स्टेरॉइड वाढवण्याआधीच्या तपासण्या

मला जीपीए आहे, म्हणजे जुन्या कागदांवर ज्याला वेगेनर लिहितात तो अँका व्हॅस्क्युलायटिस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटून त्यांना दाह होतो तो आजार). रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन) घेतल्यानंतर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड हळूहळू कमी होत असताना कोरडा खोकला आणि जिन्यावर धाप सुरू झाली. अशा वेळी प्रश्न एकच असतो: आजार उसळला की फुप्फुसात जंतू शिरले? आजार असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, जंतू असतील तर तसं दाबणंच जिवावर बेततं. म्हणून अंदाजाने स्टेरॉइड वाढवण्यापेक्षा आधी नमुना घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

स्टेरॉइडमुळे ताप दबतो, त्यामुळे ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ऑक्सिमीटर बोटाला लावून चालून पाहा. बसल्यावर आकडा चांगला आणि चालल्यावर 3-4 ने खाली, ही न्यूमोसिस्टिसची (प्रतिकारशक्ती दबली की फुप्फुसात वाढणाऱ्या एका बुरशीची) जुनी खूण. छातीचा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो, म्हणून एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) लागतो. त्यात दोन्ही बाजूंना धुरकट पट्टे दिसले तरी निदान पक्कं होत नाही. फुप्फुसात रक्तस्राव झाला तरी चित्र जवळपास असंच असतं. मात्र रक्तस्रावात हिमोग्लोबिन झपाट्याने उतरतं, आणि खोकल्यातून रक्त न पडताही ते होऊ शकतं.

उत्तर मिळतं ते ब्रॉन्कोस्कोपीत, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालून केलेल्या तपासणीत. साधारण 6 तास उपाशी राहावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या, हे आधी विचारा. नळीतून सलाइन थोडं थोडं सोडून परत ओढतात. प्रत्येक वेळी पाणी जास्त लालसर येत गेलं, तर रक्तस्रावाचा संशय बळावतो. नंतर घसा बधिर असतो, तोवर पाणीसुद्धा प्यायचं नाही, नाहीतर ते श्वासनलिकेत जातं. त्या संध्याकाळी ताप येऊ शकतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बाटल्यांचा. कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्याचा) नमुना फॉर्मेलिन या रसायनात गेला की जंतू मरतात आणि तपासणी वाया जाते, म्हणून तो निर्जंतुक कोऱ्या बाटलीतच हवा. फॉर्मवर काय लिहिलंय तेही वाचा: साधं कल्चर, सीबीनॅट (टीबीची झटपट जनुकीय तपासणी) आणि टीबी कल्चर (त्याचा शेवटचा निकाल सहा आठवड्यांनी येतो), बुरशीचं कल्चर, गॅलॅक्टोमॅनन (अ‍ॅस्परजिलस बुरशीची खूण), न्यूमोसिस्टिस पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी), नोकार्डिया (एक जिवाणू). आपल्याकडे टीबी वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. एचआयव्ही नसलेल्या रुग्णांत न्यूमोसिस्टिसचे जंतू थोडे असतात, त्यामुळे नुसत्या स्टेनमध्ये (रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघताना) ते बऱ्याचदा सापडत नाहीत, पीसीआर लागतोच. उलट पीसीआर पॉझिटिव्ह आला तरी जंतू नुसते वस्तीला असू शकतात, म्हणून तो सीटी आणि रक्तातल्या बीटा-डी-ग्लुकॅनसोबत (बुरशीच्या संसर्गाची खूण) वाचायचा.

माझ्या नमुन्यात न्यूमोसिस्टिस निघाला. उपचार कोट्रायमॉक्साझोलचा: त्यातल्या ट्रायमेथोप्रिमचं प्रमाण रोज किलोमागे 15 ते 20 मिलिग्रॅम, एकूण 21 दिवस. 60 किलोच्या माणसाला म्हणजे डीएसच्या (डबल स्ट्रेंथ, एका गोळीत 160 मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम) 2 गोळ्या दिवसातून 3 वेळा, तीही किडनी ठीक असेल तर. ऑक्सिजन फार घसरला असेल तर हेच औषध शिरेतून देतात. या काळात पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) वारंवार बघावे लागतात. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी सोबत असेल तर पोटॅशियम पटकन चढतं. क्रिएटिनिनची थोडी वाढ मात्र औषध त्याचं उत्सर्जन अडवतं म्हणूनही दिसते. आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी हे औषध सुरू होण्याआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण दोन्ही एकत्र आली की रक्तपेशी धोकादायक प्रमाणात घसरू शकतात.

कोर्स संपला की प्रतिबंधक डोस चालू राहतो: आठवड्यातून 3 दिवस एक डीएस, किंवा रोज अर्धी. रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसनंतर निदान 6 महिने तो सोडायचा नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर अ‍ॅटोव्हाक्वोन किंवा डॅप्सोन; डॅप्सोनआधी जी6पीडी (लाल पेशींमधलं एक एन्झाइम, ते कमी असेल तर डॅप्सोनने पेशी फुटतात) तपासणी झालीच पाहिजे.