जुन्या स्कूल बसमधलं पोटपाणी: मिनेसोटाच्या बीटपासून ॲरिझोनाच्या वाळवंटापर्यंत

सप्टेंबर सरत आला की अमेरिकेच्या उत्तरेला, रेड रिव्हरच्या खोऱ्यात, शाळेतून बाद झालेल्या बसगाड्या यायला लागतात. सीट काढून आत पलंग, ओटा, संडास बसवलेले, कायम वस्तीचे हे सांगाडे. त्यांना तिकडे ‘स्कूली’ म्हणतात. मिनेसोटातल्या मूरहेडच्या आसपासच्या कॅम्पग्राउंडवर निळ्या, पांढऱ्या, मातकट हिरव्या अशा सगळ्या रंगांच्या दिसतात, पिवळी मात्र सहसा नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका परिषदेत शाळेच्या बसचा पिवळा रंग ठरला, आणि आता बऱ्याच राज्यांत तो रंग, थांब्याची पाटी आणि लाल दिवे काढल्याशिवाय ही गाडी खासगी वापरात आणता येत नाही.

या बसमध्ये घर केलेली माणसं पोट कशावर भरतात, हा पहिला प्रश्न. आम्ही ऑक्टोबरात इथून निघून हिवाळ्यात ॲरिझोनापर्यंत गेलो, तो रस्ता या प्रश्नाच्या उत्तराचाच आहे. एका नोकरीवर बऱ्याच जणांचं वर्ष निघत नाही. वर्षाचे तीन-चार तुकडे असतात, आणि कुठला तुकडा कुणाला जमेल हे बरंचसं बसच ठरवते: तिची टाकी, तिची बॅटरी, तिचा गिअरबॉक्स.

पहिला तुकडा बीटचा. इथली साखर बीटपासून होते, आणि मूरहेडची अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी शेतकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे, म्हणजे आपल्याकडच्या वाचकाला व्यवस्था नवीन नाही. फरक मालात आहे. तोडलेला ऊस दिवसभरात गाळला नाही तर उतारा घसरतो. बीटला थंडी लाभली तर ते उघड्यावर ढीग मारून महिनोन्महिने ठेवता येतं, कारखाना वसंतापर्यंत चालतो. म्हणून सगळी काढणी १ ऑक्टोबरपासून जेमतेम दोन आठवड्यांत उरकायची, आणि तेवढ्यापुरती माणसं बाहेरून आणायची. इथे उचल नाही, मुकादम नाही, कोयता नाही. अर्ज ऑनलाइन, तासाची मजुरी, बारा तासांची पाळी, आणि कॅम्पग्राउंडचं भाडं कंपनीकडून.

काम ढीग मारणाऱ्या यंत्राजवळचं. ट्रक यंत्राच्या रॅम्पवर चढतो, मागचा भाग उचलून बीट हॉपरमध्ये ओततो. रोलरवरून जाताना माती झडते, बीट लांब पट्ट्यावरून ढिगाच्या माथ्यावर पडतं. झडलेली माती त्याच ट्रकला परत न्यावी लागते. मदतनीस हाताच्या खुणांनी ड्रायव्हरला पुढे-मागे घेतो. ज्या ट्रकला नमुन्याची चिठ्ठी असेल त्याच्या मालातून पिशवी भरून घ्यायची, साधारण दहा-बारा किलोची, आणि चिठ्ठी आत टाकून बांधायची. ही पिशवी प्रयोगशाळेत जाते, तिच्यावर त्या शेतकऱ्याचा साखरेचा टक्का आणि मातीची घट ठरते. म्हणून चिठ्ठी बदलली तर बोंब होते. मधल्या वेळात यंत्राखालचा चिखल फावड्याने ओढायचा. नव्या माणसाचे हाल होतात ते बुटांमुळे: खोऱ्यातली चिकणमाती तळव्याला थरावर थर चढते, पाय किलोकिलोने जड होतो. गुडघ्याजवळ येणारे रबरी बूट, एक माप मोठे, आत दोन मोजे. हेल्मेट, चष्मा आणि चमकतं जाकीट लागतंच.

पैशाचा हिशेब हवेवर. सगळे दिवस भरले तर माणशी अडीच-तीन हजार डॉलर होतात. पाऊस आला तर ट्रक शेतात रुततात, काम बंद. ऊन तापलं तरी बंद, कारण गरम बीट ढिगात गेलं की आतून उबून सडतं. कडक गोठण झाली तरी बंद, कारण गोठलेलं बीट वितळताच नासायला लागतं. म्हणजे दोन आठवड्यांचा बेत तीन-साडेतीन आठवडे लांबू शकतो, आणि पुढचं काम कुठे ठरवलं असेल तर तारखांमध्ये आठवडाभर मोकळा ठेवावा लागतो.

बसची परीक्षाही इथेच. रात्री पारा शून्याखाली जातो, भिंत म्हणजे पत्रा आणि दोन्ही बाजूंना काचांची रांग. पाण्याचा पाइप तापणाऱ्या तारेचा लागतो, नाहीतर पहाटे नळ कोरडा. धुराडं नसलेला प्रोपेनचा हीटर स्वस्त म्हणून घेतला जातो, पण १ किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात बसमध्येच सोडतं. ते काचांवर, छताच्या पत्र्यावर जमतं आणि गादीखाली बुरशी धरते. शिवाय कार्बन मोनॉक्साइडची भीती. बाहेरची हवा घेऊन धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर महाग वाटला तरी थंडीच्या कामाला तोच.

हंगाम उरकला की सगळ्यांची तोंडं दक्षिणेला. आमचा रस्ता असा: सू फॉल्स, नेब्रास्का, डेन्व्हर, तिथून इंटरस्टेट २५ ने रॅटन घाट (२,३८८ मीटर), अल्बुकर्की, मग हॅचवरून डेमिंग, टूसॉन, फीनिक्स आणि क्वार्टझाइट. नकाशावर अल्बुकर्कीहून थेट फ्लॅगस्टाफचा रस्ता जवळचा दिसतो, पण तो पुन्हा दोन हजार मीटरवर चढतो, नोव्हेंबरात बर्फ आणि पुढे फीनिक्सकडे लांबलचक उतार. ॲलिसन एटी-५४५ गिअरबॉक्सच्या बसने तो टाळावा. इंजिनाची ताकद तेलातून गिअरपर्यंत पोहोचवणाऱ्या त्याच्या टॉर्क कन्व्हर्टरला लॉकअप, म्हणजे दोन्ही बाजू घट्ट जोडून धरणारी सोय, नाही. चढावर तो घसरत राहतो, तेल तापतं, उतारावर इंजिनचा रोध नीट मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ३,२०० किलोमीटरला लिटरमागे ४ किलोमीटर धरले तर ८०० लिटर डिझेल, गॅलनला ४ डॉलर भावाने सुमारे ८५० डॉलर. बीटच्या कमाईतला चांगला लचका रस्त्यातच जातो, म्हणून जोडप्याने जाणाऱ्यालाच हा तुकडा परवडतो.

क्वार्टझाइट हे गाव हिवाळ्यात फुगतं. शेजारच्या ला पोसा या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिलपर्यंत राहण्याचा परवाना मिळतो. हंगामाचे १८० डॉलर हा बरीच वर्षं चाललेला दर. इतर सरकारी जमिनीवर फुकट, पण साधारण १४ दिवसांनी हलायचं. थंडीत या भागात स्कूलीवाल्यांचा मोठा मेळावा भरतो. कोण काय करून जगतं ते इथे एका फेरीत कळतं.

सगळ्यात जास्त भेटतात ते लॅपटॉपवाले: प्रोग्रॅमर, हिशेब लिहिणारे, विम्याचे दावे तपासणारे, ऑनलाइन शिकवणारे. त्यांच्या नोकरीचा कणा म्हणजे छतावरची सौर पॅनेलं. लॅपटॉप ६० वॉट, आठ तास, झाले ४८० वॉट-तास. उपग्रहावरून इंटरनेट देणारी स्टारलिंकची तबकडी साधारण तेवढीच वीज खाते, दहा तासांना ६००. म्हणजे कामापुरतीच १.१ किलोवॉट-तास, फ्रिज-पंखा वेगळा. ॲरिझोनात डिसेंबरात आडव्या पॅनेलला दिवसाला सुमारे तीन तासांएवढं पूर्ण ऊन धरावं. ४०० वॉटचं पॅनेल नुकसान वजा जाता जेमतेम १ किलोवॉट-तास देतं. त्यामुळे ४०० वर भागेल म्हणणाऱ्याची मीटिंग दुसऱ्या ढगाळ दिवशी तुटते. ८०० वॉट आणि २०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हे किमान.

अमेरिकेतल्या मराठी आयटीवाल्यांना हे वाचून हुरूप येण्याआधी एक गोष्ट. एच-१बी व्हिसा कामाच्या ठिकाणाला बांधलेला असतो. ठरलेल्या महानगर क्षेत्राबाहेरून कायम काम करायचं तर मालकाला सुधारित अर्ज भरावा लागतो. बीट, गेटवरचा पहारा (तो पुढे येतो), यूट्यूबची कमाई ही जोडकामं तर त्या व्हिसावर बसतच नाहीत. हा संसार ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व आल्यावरचा.

यूट्यूबबद्दल दोन वाक्यं पुरेत. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायलाच १,००० सदस्य आणि वर्षात ४,००० तास पाहिलेले व्हिडिओ लागतात, आणि बसचं काम पूर्ण झालं की प्रेक्षक ओसरतात. त्यावर घर चालवणारे थोडे. डिझेल सुटतं इतपत म्हणणारे पुष्कळ.

खरी हुकमी कमाई आम्हाला दिसली ती हातात कसब असणाऱ्यांची: दुसऱ्यांच्या बस बांधून देणारे. बस स्वस्त मिळते, काम महाग पडतं, आणि निम्म्या लोकांचं काम अर्ध्यावर अडकतं. तिथे वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि डिझेल मेकॅनिक यांना वाळवंटातही गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

कामाचा क्रम ठरलेला. ७२ मुलांच्या बसमध्ये २४ सीट. बोल्ट जमिनीतून आरपार, खाली गंजलेले नट. एकाने वर पाना धरायचा, दुसऱ्याने बसखाली झोपायचं, किंवा सरळ ग्राइंडरने डोकी उडवायची. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून कायमचे तपकिरी ठिपके पाडतात, म्हणून काचा आधी ओल्या गोधडीने झाकायच्या. मग रबर आणि त्याखालचं प्लायवुड उपटायचं. पुष्कळजण इथेच घाई करतात आणि जुन्या प्लायवुडवर नवी फरशी ठोकतात. त्याखाली बहुतेक वेळा गंज असतोच, विशेषतः रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या उत्तरेकडच्या राज्यांतल्या बसमध्ये. तारेच्या ब्रशने घासून फॉस्फोरिक आम्लाचा द्रव मारायचा, वाळला की प्रायमर. सीटमागे चार धरली तर शंभरेक भोकं उरतात. ती एक सेंटचं नाणं सीलंटने चिकटवून बुजवायची युक्ती इथे सर्रास चालते, कारण १९ मिलिमीटरचं नाणं भोकावर बरोबर बसतं. आम्हाला ती पटत नाही. १९८२ नंतरचं हे नाणं वरून तांबं, आतून जस्त. खालून रस्त्याचं पाणी उडून वरचा पापुद्रा गेला की पोलादाच्या सान्निध्यात जस्त भराभर खातं आणि भोक पुन्हा उघडतं. पोलादाची चकती वेल्ड करावी, नाहीतर छोटा बोल्ट, वॉशर आणि पॉलियुरेथेन सीलंट.

छताचे पत्रे शेकडो रिव्हेटनी बसवलेले असतात. त्यामागची काचलोकर ओली, वास मारणारी निघते. पत्रे काढण्याचं काम कुणालाच नको असतं, म्हणून ते अंगावर घेणाऱ्याला दिवसाचे पैसे रोख मिळतात. हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी, कानाला बोळे, तोंडाला एन-९५ मास्क, पूर्ण बाह्या. छत उंचावणं हे मात्र जाणत्या वेल्डरचंच. खिडक्यांमधल्या फासळ्या कापून छत जॅकवर अर्धा मीटरभर उचलायचं आणि त्याच आकाराच्या पोलादी पट्ट्या मध्ये घालायच्या. सगळ्या फासळ्या एकदम कापल्या की छत तिरकं होतं. आधी तिरपे आधार, मग कापणी. वरच्या एसीसकट एकूण उंची साडेतेरा फुटांच्या आत राहिली पाहिजे, नाहीतर पुलाखाली अडकण्याची वेळ.

विजेच्या दुरुस्त्यांचं गिऱ्हाईक सगळ्यात जास्त, आणि रोग बहुधा एकच: बारीक तार. बस बारा व्होल्टची आणि दहा-बारा मीटर लांब. बॅटरी पुढे, फ्रिज मागे, मध्ये अडीच चौरस मिलिमीटरची तार. जाऊन-येऊन २० मीटरला ०.१४ ओहम, ५ अँपिअरला ०.७ व्होल्ट वाटेत गडप. जुन्या शिशाच्या बॅटरीवर पहाटे १२ व्होल्ट उरलेले असताना फ्रिजपाशी ११.३ पोहोचतात, त्याचं संरक्षक सर्किट त्याला बंद पाडतं, आणि मालक फ्रिजला शिव्या घालतो. सहा चौरस मिलिमीटरची तार टाकली की घट ०.३ वर येते. दुसरी तपासणी फ्यूजची: बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत. लांब बसवला तर मधल्या तारेला संरक्षण नाही, आणि बसला लागणाऱ्या आगी अशाच तारांतून सुरू होतात.

सरकारी जमिनीवर परवान्याशिवाय धंदा करता येत नाही. म्हणून ही मंडळी गावातल्या खासगी जागेत काम घेतात, आणि विक्री करणारे ॲरिझोनाचा विक्रीकराचा परवाना काढतात. आणखी एक मेख: बसवर धंद्याची पाटी लावली की ती घरगुती गाडी राहत नाही. विमा व्यावसायिक, चालकाचा परवानाही व्यावसायिक लागू शकतो. अनुभवी लोक अवजारं वेगळ्या पिकअपमध्ये ठेवतात.

फिरत्या नर्सेसचं गणित निराळं. १३ आठवड्यांचे करार, पगार चांगला, वर राहण्याचा करमुक्त भत्ता. पण तो भत्ता करमुक्त राहतो तो कुठेतरी कायमचं घर असेल आणि त्याचा खर्च चालू असेल तरच. बस हेच एकमेव घर असणाऱ्याला करखातं भटका कामगार धरतं आणि भत्त्यावर कर लागतो. साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडाचा टपालाचा पत्ता घेतल्याने राहत्या राज्याचा आयकर वाचतो, भत्त्यावरचा कर मात्र त्यातून सुटत नाही.

टेक्सासच्या तेलक्षेत्रातला गेटवरचा पहारा जोडप्यांचा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर, नाव, कंपनी, वेळ लिहायची, चोवीस तास, दोघांनी बारा-बारा. रोज सव्वाशे ते दोनशे डॉलर, तेही जोडप्याला मिळून. जनरेटर, पाणी, सांडपाण्याची टाकी कंपनीची. राज्याचं सुरक्षारक्षकाचं लायसन्स आधी काढावं लागतं. धूळ इतकी की जनरेटरचा आणि बसच्या इंजिनाचा एअर फिल्टर दोन्ही बघत राहावे लागतात.

एप्रिलमध्ये ला पोसा रिकामं होतं तेव्हा बरेचजण कॅम्पग्राउंडचे यजमान म्हणून डोंगरात जातात. संडास धुणं, पावत्या फाडणं, शेकोटीच्या जागेतली राख काढणं. बदल्यात वीज-पाण्याची जागा. करार नीट वाचावा. आठवड्याला ३० तास आणि जागेची किंमत महिना ६०० डॉलर असेल तर तासाला सुमारे ४.६ डॉलर पडतात, म्हणजे संघराज्याच्या सव्वासात डॉलरच्या किमान वेतनाच्याही खाली. सरकारी जागेत स्वयंसेवक म्हणून हे चालतं, खासगी ठेकेदाराकडे जागेशिवाय तासाचा पगारही मागावा. अर्ज जानेवारीतच करायचे, आणि अर्जासोबत बसचे चारही बाजूंचे फोटो व लांबी पाठवायची. खासगी जागांमध्ये दहा वर्षांहून जुनी गाडी नको असा नियम सर्रास असतो, आणि स्कूली बहुतेक वेळा वीस वर्षांची असते.