बाळाची खेळगोधडी: थर जमले, धावदोरा सुरू

भाचीच्या गोधडीचं काम आता टाक्यांवर आलंय. माप ४२ इंच चौरस. ताईकडे फोमची मॅट आहे, पुसायला सोपी. पण उन्हाळ्यात तिच्यावर बाळाची पाठ घामाने ओली होते, म्हणून सुतीच हवी होती.

वरच्या थराला आईची जुनी चंद्रकळा, म्हणजे काळी साडी. जर टोचते, म्हणून काठ उसवून बाजूला ठेवला. तान्ह्या बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं, तेही काळं-पांढरं ठळक असेल तर. दुकानातलं फिकं गुलाबी-आकाशी मोठ्यांच्या हौसेचं! मी काळ्यावर आजोबांच्या धोतराच्या पांढऱ्या पट्ट्या लावल्या, मधे एकच लाल चौकोन. "बाळाला काळं?" ताईने विचारलंच. बोरन्हाणाला काळं झबलं चालतं, मग हे का नाही?

रंग मिठाच्या पाण्यात पक्का होतो म्हणतात. माझा त्यावर भरवसा नाही. ओलं पांढरं फडकं काळ्यावर जोरात घासायचं, डाग आला तर कापड बाद. बाळ हे सगळं चोखणारच आहे.

खरा विचार भरीचा. पांघरायच्या गोधडीसारखी गुबगुबीत इथे उपयोगाची नाही. पालथ्या बाळाला कोपरं रोवून मान उचलायची असते, मऊ गादीत ती रुततात. म्हणून आत जुन्या सुती साड्यांचे तीनच थर, कापूस अजिबात नाही, आणि खाली धुऊन आटवलेला मांजरपाट. (ही जागेपणी, कुणीतरी शेजारी बसून खेळवायचीच गोधडी. झोपायला नाही.)

धावदोरा कडेने सुरू करून चौकोनात चौकोन करत आत नेतेय. असं करताना झोळ मध्यावर गोळा होतो, तेव्हा आधी मधून बाहेर कच्चे टाके घालून थर ताणून घेतले. टाका तांदळाच्या दाण्याएवढाच. लांब टाक्याचा दोरा सुटला तर बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळतो, आणि आपल्या लक्षातही येत नाही. पट्ट्यांच्या शिवणीवर पाच-सहा पदर एकत्र येतात, तिथे अंगुस्तानाशिवाय सुई हलत नाही.

आरसे, बटणं, घुंगरू काहीही लावणार नाही. सजावट फक्त कोपऱ्यांना. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायकांच्या कवंदीला, म्हणजे त्यांच्या गोधडीला, चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची त्रिकोणी फुलं असतात. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी मानतात. उसवलेल्या काठातली जर काढून उरलेल्या सुती पट्टीची तशीच फुलं करतेय. फक्त ती लोंबती न ठेवता सपाट दाबून दुहेरी दोऱ्याने शिवेन, म्हणजे ओढली तरी हातात येणार नाहीत. मधला लाल चौकोन आणि शेवटच्या दोन फेऱ्या बाकी आहेत.