बारा टेस्टर आणि एक झाकलेलं बटण

ॲप बनवणाऱ्यांच्या पहिल्या मीटअपला मी मागच्या रांगेत, दाराजवळ बसले होते; कंटाळा आला तर सटकता यावं म्हणून. निम्मं डोक्यावरून गेलं. स्टेट मॅनेजमेंटवरून, म्हणजे ॲपमधली बदलती माहिती कशी सांभाळायची यावरून, दोघांची चांगलीच जुंपली होती आणि माझ्या ॲपमध्ये तर सगळं एकाच फाइलीत कोंबलेलं. ॲप तरी केवढं? औषधाची वेळ झाली की आठवण करून देणारं, आईसाठी केलेलं. शेजारच्याने विचारलं, "तुम्ही काय बनवताय?" "काही नाही, असंच," म्हणून मी वेळ मारून नेली.

तिसऱ्या मीटअपला शेवटच्या पाच मिनिटांच्या डेमोसाठी नाव दिलं. धीर वाढला होता असं नाही, गरज पडली होती. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यावरून गूगल प्लेवर ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचं तर आधी क्लोज्ड टेस्टिंग करावं लागतं, म्हणजे ते मोजक्या लोकांना वापरायला द्यावं लागतं. सुरुवातीला २० टेस्टर लागत, डिसेंबर २०२४ पासून १२. पण ते सलग १४ दिवस टिकलेले हवेत. घरचे आणि मैत्रिणी मिळून माझा आकडा पाचाच्या पुढे सरकेना.

डेमोच्या वेळी प्रोजेक्टरची केबल जुळेना. मग फोनच पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या हातात दिला. त्यांनी आधी सेटिंग्जमध्ये जाऊन अक्षरं सगळ्यात मोठी केली. "मला अशीच लागतात," म्हणाल्या. औषधाचं नाव लिहायला घेतलं, कीबोर्ड वर आला आणि सेव्हचं बटण त्याच्याखाली गडप. पडदा वर सरकेना. त्या इकडेतिकडे बोट फिरवत राहिल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "सांगू नका. बघत राहा."

अर्धं मिनिट असेल, पण घाम फुटला. आईच्या फोनवरही अक्षरं मोठीच आहेत. तिची सगळी औषधं मीच माझ्या फोनसारखी अक्षरं बारीक करून भरून दिली होती, त्यामुळे हे कधी दिसलंच नाही.

त्या दिवशी आठ जणांनी आपले ईमेल दिले. एकूण तेरा. नवव्या दिवशी एकजण गळला, तरी बारा उरले. बरोबर बाराच घेतले असते तर नव्या माणसाचे चौदा दिवस पहिल्यापासून मोजत बसावं लागलं असतं.

खरी चूक त्याआधीच, तिसऱ्या दिवशी कळली होती. सकाळी आठची आठवण एकाला साडेआठनंतर आली, दुसऱ्याला जवळजवळ नऊला. माझ्या फोनवर सगळं वेळच्या वेळी. दोन रात्री कोड उसवत बसले. शेवटी मीटअपमधल्या एकाने विचारलं, "तुमचा फोन अँड्रॉइड १३ वरून १४ वर अपडेट झालेला आहे का?" होता. अँड्रॉइड १४ पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपना अचूक वेळेच्या अलार्मची परवानगी आपसूक मिळत नाही, वापरणाऱ्याने सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते. आधीच मिळालेली परवानगी मात्र अपडेटनंतरही टिकते. परवानगी नसेल तर साधा अलार्म लाव, अशी अट मीच कुठूनशी उचलून टाकली होती, म्हणून ॲप क्रॅशही होत नव्हतं. झालं असतं तर बरं! साधा अलार्म सिस्टम आपल्या सोयीने, साधारण तासाभरात कधीतरी वाजवते. औषधाच्या बाबतीत ते काय कामाचं? मग ॲप उघडताच परवानगी मागणारा एक स्क्रीन घातला.

प्रायव्हसी पॉलिसी, डेटा सेफ्टीचा फॉर्म, ५१२ बाय ५१२चा आयकॉन हे सगळं कंटाळवाणं, पण एका संध्याकाळचं काम. शेवटच्या अर्जात टेस्टरनी काय सांगितलं आणि तुम्ही काय बदललंत हे विचारतात. तिथे लिहायला माझ्याकडे बरंच होतं.

ॲप आल्यावर आईने ते स्टोअरमधून नव्याने घेतलं आणि सवयीने फोन माझ्यापुढे केला, "तूच भर." मी हात मागेच ठेवले. तिने औषधाचं नाव चुकीचं लिहिलं, पण सेव्ह मात्र केलं.