मूळ असताना हे कशाला? – तुम्ही विचारलंत म्हणून

जुन्या बँडसारखं गिटार पॉप वाजवणारे आजचे छोटे बँड मी ऐकते. त्यावरचा प्रश्न दोन रूपांत येतो. साधं रूप: "ही असली गाणी तुला सापडतात तरी कुठे?" टोचणारं रूप: "बीटल्स आहेत, बर्ड्स आहेत, स्मिथ्स आहेत. मूळ समोर असताना त्यांच्यासारखं वाजवणारी आजची पोरं कशाला ऐकायची?" पहिल्याचं उत्तर मी कधीही, कुणालाही, आनंदाने देते. दुसऱ्याचं दर वेळी वेगळं देत आलेय आणि त्यातलं एकही मला पुरतं पटलेलं नाही. म्हणून एकदा बसून लिहून काढतेय. यापुढे कुणी विचारलं की हेच वाचायला देईन.

सोपं आधी. मला ही गाणी लेबलांमुळे, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांमुळे सापडतात, आणि माणसांमुळे. अल्गोरिदम मी काल ऐकलेलंच आज दुसऱ्या नावाने पुढे करतो. छोट्या लेबलाचं तसं नसतं, तिथे कुणीतरी एक माणूस बसलेला असतो आणि त्याला काहीतरी आवडलेलं असतं. स्लम्बरलँड हे लेबल १९८९ मध्ये वॉशिंग्टनच्या परिसरात सुरू झालं, पुढे कॅलिफोर्नियात ओकलंडला गेलं. माइक शुलमन ते अजून चालवतात. त्यांची एक रेकॉर्ड आवडली की मी कव्हरवरची बारीक अक्षरं वाचायला लागते. ड्रम कुणी वाजवले, रेकॉर्डिंग कुणाच्या घरी झालं, आभार कुणाचे मानलेत. सीब्लाइट या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडचा ड्रमर अँडी पास्टॅलॅनिएक स्वतःची गाणी चाइम स्कूल या नावाने काढतो, हे मला असंच कळलं. त्या गावातले निम्मे लोक एकमेकांच्या बँडमध्ये वाजवतात. एक नाव धरलं की बाकीची आपोआप हाताला लागतात.

दुसरी वाट बँडकँपची, म्हणजे बँड जिथे आपली गाणी थेट विकतात त्या वेबसाइटची. तिथे रेकॉर्डच्या पानाखाली ती विकत घेणाऱ्यांचे छोटे फोटो असतात. त्यातल्या एखाद्यावर टिचकी मारली की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. माझ्यासारख्याच आवडीचा एखादा अनोळखी माणूस भेटला की मी त्याच्या कपाटात तासन्‌तास रमते. ज्या शुक्रवारी बँडकँप आपलं कमिशन सोडून देतं (मार्च २०२० पासून हे चालू आहे), तो शुक्रवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो. आपल्याकडे तो उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला सुरू होतो आणि हिवाळ्यात दीडला. माझी खरेदी त्या दिवशी होते. बहुतेक वेळा फाइल्सच घेते, कारण तबकडीपेक्षा तिचं टपाल महाग पडतं. आणि विकत का घेते, हेही विचारून झालंय. स्पॉटिफाय २०२४ पासून वर्षभरात हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला काहीच देत नाही. मी ऐकते त्यातली बरीच गाणी हजाराच्या अलीकडेच राहतात. फुकट ऐकून त्यांचं कौतुक करणं मला जमत नाही.

आता अवघड.

मी पूर्वी घराण्यांचं उत्तर द्यायचे. यमनची तीच बंदिश पिढ्यान्‌पिढ्या गातात, तेव्हा नव्या गायकाला कुणी विचारतं का, मूळ असताना तू कशाला? हे उत्तर ऐकून समोरचा गप्प बसायचा आणि मला बरं वाटायचं. पण ते खरं नव्हतं. बंदिश ही सुरुवात असते, तिच्यापुढे तासभर गायकाचं स्वतःचं असतं. अडीच मिनिटांच्या गिटार पॉपमध्ये ती जागाच नाही. तिथे चाल, नाद आणि शब्द एवढंच असतं, आणि नाद तर उघडउघड घेतलेला असतो. तेव्हा हे उत्तर मी सोडून दिलं.

त्यानंतर मी इतिहासाकडे वळले, आणि ते अजून धरून आहे. बारा तारांच्या गिटारचा तो किणकिणता आवाज घ्या. सहा जोड्या, जाड तारांबरोबर वरच्या सप्तकातली एकेक बारीक तार. रिकनबॅकर या गिटार कंपनीने त्यात जोडीचा क्रम उलटा ठेवला, म्हणजे वरून खाली छेडताना जाड तार आधी वाजते आणि बारीक तिच्या पाठोपाठ. १९६४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये ती गिटार बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हाती आली. बीटल्सच्या सिनेमात ती पाहून बर्ड्सच्या रॉजर मॅग्विनने तसलीच घेतली आणि पुढच्याच वर्षी बर्ड्सचं पहिलं गाजलेलं गाणं आलं. गिटार बीटल्सची पाहून घेतलेली, गाणं बॉब डिलनचं. ज्यांना तुम्ही मूळ म्हणता, त्यांची सुरुवात ही अशी आहे.

आणि बिग स्टार. मेम्फिसमधली चार मुलं, साल १९७२. सगळं जग जड, लांबलचक रॉककडे निघालेलं असताना ही मुलं आठ वर्षांपूर्वीच्या बीटल्ससारखी तीन मिनिटांची स्वच्छ गाणी करत होती. समीक्षकांनी वाखाणलं. पण वितरणाचा असा घोळ झाला की रेकॉर्ड दुकानांत धड पोचलीच नाही. त्या चौघांतला क्रिस बेल १९७८ मध्ये सत्तावीस वर्षांचा असताना मोटार अपघातात गेला, तोवर त्या रेकॉर्डचं काहीच झालं नव्हतं. आज तिच्याशिवाय या प्रकाराचा इतिहास लिहिता येत नाही. ग्लासगोच्या टीनएज फॅनक्लब या बँडला १९९१ मध्ये लोकांनी ऐकवलं की हे तर बिग स्टारचं आहे. आज पोरांना ऐकवतात की हे तर टीनएज फॅनक्लबचं आहे. दर वेळी कालची नक्कल आजचं मूळ होते आणि विचारणारा तेवढा तोच राहतो.

हे सगळं मी आमच्या बैठकीत बोलले असते तर बरं झालं असतं. तशी वेळच आली नाही.

आमचा पुण्यात एक गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, एकाने रेकॉर्ड लावायच्या, बाकीच्यांनी ऐकायच्या. वयाने मी त्यात धाकटी. त्या वेळी पाळी माझी होती. पाळी ज्याची त्याने कव्हर झाकून ठेवायचं आणि गाणं संपल्यावर ओळखायला लावायचं, ही गटाची जुनी पद्धत. मी काहीही वेगळं केलं नाही. गटात एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. कॉलेजात असल्यापासून मुंबईच्या ऱ्हिदम हाउसच्या वाऱ्या करणारे, ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा घरचं माणूस गेल्यासारखे बसलेले. बास गिटार वेगळी कशी ऐकायची हे मला त्यांनी शिकवलं. "गाणारा सोड, खाली काय चाललंय ते बघ," असं म्हणत ते बोटाने माझ्या गुडघ्यावर ताल धरायचे. मी या सगळ्यात आहे ती बरीचशी त्यांच्यामुळे.

मी टोनी मोलिना लावला. कॅलिफोर्नियाचा माणूस, आधी हार्डकोअर पंक, म्हणजे कर्कश आणि भरधाव संगीत, वाजवायचा. 'किल द लाइट्स' नावाची त्याची रेकॉर्ड आहे. दहा गाणी आणि सगळी मिळून जेमतेम पाव तास. एकेक गाणं सुरू होतं, चाल दाखवतं आणि लांबण न लावता थांबतं. दुसऱ्या गाण्याला काकांनी डोळे मिटले. तिसऱ्याला त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालायला लागली. एका गाण्याला बारा तारांची गिटार आली तशी मान हलली, शास्त्रीय मैफलीत हलते तशी. बाजू संपल्यावर म्हणाले, "सासष्ट. फार तर सदुसष्ट. कॅलिफोर्निया. आणि हे माझ्याकडून सुटलं कसं? अगं, इतकी वर्षं मी हे शोधतोय."

मी कव्हर दाखवलं. कॅलिफोर्निया बरोबर होतं. साल २०१८ होतं.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काकांनी कव्हर हातात घेतलं, चष्मा वर सरकवून मागची बाजू वाचली आणि ते माझ्याकडे न देता टेबलावर ठेवलं. "म्हणजे फसवलंस," म्हणाले. मला वाटलं गंमत करतायत. नव्हते करत. "हे त्यांचं नाहीच. यांनी नुसता आवाज उचललाय. ज्यांनी पहिल्यांदा केलं त्यांनी काहीतरी पणाला लावलं होतं. यांनी काय लावलं?" मी म्हटलं, "काका, पाच मिनिटांपूर्वी तुम्हाला आवडलं होतं." ते म्हणाले, "पाच मिनिटांपूर्वी मला माहीत नव्हतं."

माझ्याकडे तिथे उत्तर नव्हतं. दुसरी बाजू मी लावली. ते बसून राहिले, पण ऐकत नव्हते हे दिसत होतं, बोटं मांडीवर स्वस्थ होती. चहा न घेता गेले. जाताना दारात माझ्या डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखा, आणि त्याने मला जास्तच लागलं. घरी येऊन मी रात्रभर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. गाणं तेच, कान तेच, तबकडी तीच. बदललं काय, तर एक आकडा. आकड्याने गाणं खोटं होत असेल तर आधी आवडलं ते काय होतं? आणि पणाला काय लावलं म्हणजे? भाडं परवडत नाही अशा शहरात राहून, दिवसा नोकरी करून, तीनशे लोक ऐकतील हे माहीत असूनही गाणं नीट करायचं, हे पणाला लावणं नाही? १९६६ मध्ये या आवाजाला निदान गिऱ्हाईक होतं. आज या आवाजात गायचं म्हणजे आपल्याला कुणी आजचं म्हणणार नाही हे मान्य करूनच गायचं.

हे सगळं मला अजून खरं वाटतं. पण काकांचं एक वाक्य निघत नाही: पाच मिनिटांपूर्वी मला माहीत नव्हतं. कारण माझंही तसंच आहे. गाणं नवं आहे हे कळल्यावर त्यांचं प्रेम उतरलं, माझं चढतं. जुन्या रेकॉर्डपाशी मी कायम उशिरा पोचते. न्यूझीलंडच्या डनीडन गावातल्या चिल्स या बँडवर मी मनापासून प्रेम केलं, पण त्यांचे पहिले दिवस मला पुस्तकांतून आणि पुनर्मुद्रित रेकॉर्डमधून मिळाले, आणि २०२४ च्या जुलैत त्यांचा गायक मार्टिन फिलिप्स गेल्याची बातमी मिळाली. शिकागोचा विशीतला काय स्लेटर शार्प पिन्स या नावाने गाणी काढतो, तेव्हा त्याचं पुढचं गाणं अजून झालेलंच नसतं. मी आणि तो एकाच वेळी वाट बघत असतो. हे सुख गाण्याचं नाही, तारखेचंच आहे. म्हणजे नुसत्या कानांनी ऐकणारं काकांत आणि माझ्यात कुणीच नाही. हे मला आवडत नाही, पण नाकारता येत नाही.

आणखी एक कबूल करायला हवं. यातलं बरंचसं टाकाऊ आहे. गिटार बरोबर, कव्हरवरचं अक्षर १९६७ चं, केसही बरोबर, आणि आत गाणंच नाही. अशी रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकताना सर्वांत गोड लागते, म्हणून मी पहिल्या ऐकण्यावर विश्वास ठेवत नाही. तिसऱ्यांदा ऐकताना मी मधल्या कडव्याची वाट बघते, जिथे चाल ओळखीची वाट सोडून दुसरीकडे वळते. तिथे काही घडलं तर रेकॉर्ड राहते. अंब्रेलाज या बँडची २०२४ ची 'फेअरवेदर फ्रेंड' अशी राहिली आहे. तिच्यात बाईचा आणि पुरुषाचा आवाज एकमेकांना वाट देत गातात आणि गिटार एकदाही आराम करत नाही. राहिली नाहीत त्यांची नावं घेणार नाही. एवढ्या कमी लोकांपर्यंत पोचणाऱ्या माणसाला नाव घेऊन मारणं मला पटत नाही.

"पण तुझं काय त्यांच्याशी?" हाही प्रश्न असतो, विशेषतः नात्यातल्यांचा. आपलं इतकं असताना सॅन फ्रान्सिस्कोच्या पोरांचं काय म्हणून? सिमला सिगारेटच्या नावाने भरलेल्या 'सिमला बीट' या बँडच्या स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या एलपी आहेत. आपल्याच देशातली पोरं त्यात गिटारी घेऊन हेच करत होती. त्यांनाही तेव्हा नक्कल म्हणूनच हिणवलं गेलं असणार. आज परदेशातले संग्राहक त्या एलपींच्या मागे लागलेले असतात. मला यापेक्षा जास्त पुरावा द्यायचा नाही. मला ते गाणं भिडतं, त्यासाठी परवाना लागत नाही.

काका गटात अजून येतात. आमचं बोलणं चालू आहे, त्या संध्याकाळबद्दल मात्र नाही. त्यानंतर गटात ठरलं की कव्हर झाकायचं तर झाका, पण साल आधी सांगायचं. मी विरोधात बोलले. काका काहीच बोलले नाहीत. आता माझी पाळी पुन्हा येतेय आणि मी लेमन ट्विग्ज या बँडची २०२३ ची रेकॉर्ड काढून ठेवली आहे. दोन भाऊ, लाँग आयलंडचे, जन्म १९९७ आणि १९९९ चा. साल मी सांगणार आहे, पहिल्याच वाक्यात, कारण नियम झालाय. नियम चुकीचा आहे असं माझं मत कायम आहे आणि तेही मी त्याच बैठकीत पुन्हा मांडणार आहे.