फ्री दिसणारी शंभर पेजेस

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) दस्तऐवजातील ह्यूज पेजेसच्या, म्हणजे मेमरीच्या मोठ्या तुकड्यांच्या, प्रकरणाची सुधारित आवृत्ती मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. एक्स८६-६४ प्रोसेसरवर नेहमीचे पेज ४ केबीचे असते आणि ह्यूज पेज २ एमबीचे किंवा १ जीबीचे. टीएलबीत, म्हणजे पत्त्यांची भाषांतरे हाताशी ठेवणाऱ्या प्रोसेसरमधील छोट्या तक्त्यात, जागा मोजकी असल्याने, जिथे ५१२ नोंदी लागल्या असत्या तिथे २ एमबीच्या पेजला एकच पुरते. एवढे सांगायला एक परिच्छेद पुरे होतो. कस लागतो तो यंत्रासमोर बसलेल्या माणसाला नेमके काय दिसेल, हे लिहिताना.

सकाळी एका सहकाऱ्यांनी कळवले की मेमइन्फोमध्ये, म्हणजे कर्नल मेमरीचे आकडे दाखवतो त्या फाइलीत, १०० ह्यूज पेजेस फ्री दिसत असूनही त्यांच्या प्रोग्रामला ३० मिळत नाहीत. माझ्या मसुद्यात लिहिले होते, ‘फ्री म्हणजे साठ्यातील अद्याप वाटप न झालेली पेजेस’. वाक्य खरे होते आणि त्यांनी ते वाचूनच हिशेब केला होता, म्हणून ते मला जास्त लागले.

चाचणीच्या यंत्रावर मी १०० पेजेसचा साठा केला आणि एका छोट्या प्रोग्रामकडून एममॅपने (कर्नलकडे मेमरी मागण्याच्या कॉलने) ८० मागवली. मेमइन्फोत दिसले: टोटल १००, फ्री १००, रिझर्व्ह्ड ८०. एममॅपच्या वेळी कर्नल पेज देत नाही, फक्त शब्द देतो. प्रोग्राम त्या पत्त्याला पहिल्यांदा हात लावतो तेव्हा पेज मिळते, आणि फ्री व रिझर्व्ह्ड हे दोन्ही आकडे एकेकाने उतरतात. म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामसाठी खरोखर उरली होती २०. मग सहकाऱ्यांची ३० पेजेसची मागणी मी नोरिझर्व्ह, म्हणजे ‘आधी राखून ठेवू नको’ हा पर्याय, लावून केली, तेव्हा एममॅपने ३० पेजेस विनातक्रार मान्य केली. मी प्रत्येक पेजवर एकेक बाइट लिहीत गेले, वीस पेजेस पार पडली आणि एकविसाव्यावर सिगबस हा मेमरी-त्रुटीचा सिग्नल येऊन प्रोग्राम जागीच संपला. साठा वाढवतानाही असेच होते: सलग मेमरी न मिळाल्यास कर्नल मागितल्यापेक्षा कमी पेजेस तयार करतो, पण आकडा लिहिणाऱ्याला कोणतीही त्रुटी कळवत नाही, आणि तो आकडा पुन्हा वाचून पाहण्याची सवय फार थोड्यांना असते.

‘फ्रीमधून रिझर्व्ह्ड वजा करावे’ हे वाक्य त्याच दुपारी प्रकरणात गेले. वाद झाला तो फोर्कवरून, म्हणजे एका प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) स्वतःची प्रत, चाइल्ड प्रोसेस, तयार करण्यावरून. प्रायव्हेट मॅपिंगमध्ये, म्हणजे जिथे एका प्रोसेसने लिहिलेले दुसरीला दिसत नाही तिथे, राखीव पेजेसवर हक्क पालक प्रोसेसचा असतो; साठा संपलेला असताना पालकाने सामायिक पेजवर लिहिले, तर कर्नल ते पेज चाइल्ड प्रोसेसकडून काढून घेतो, आणि पुढे चाइल्डने त्या पत्त्याला हात लावताच ती मारली जाते. मसुदा तपासणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की हे लिहू नये, कारण दस्तऐवजात आलेले वर्तन लोक वचन मानतात आणि मग ते बदलता येत नाही. त्यांचा मुद्दा मला पटतो. तरीही ज्याची प्रोसेस रात्री अशी मरेल त्याने कारण कोठे शोधावे, याचे उत्तर त्यांनी दिले नाही आणि मलाही सुचलेले नाही.

प्रकरण त्या परिच्छेदाशिवाय गेले. तो मी वेगळ्या फाइलीत ठेवला असून ‘सध्याच्या रचनेत’ हे दोन शब्द सुरुवातीला घालून तो पुन्हा पाठवावा का, याचा विचार अजून चालू आहे.