अंड्यांवर न बसणारा निकोबारी पक्षी

बडोद्यात लांडोर दिसणे नवलाचे नाही, आणि गच्चीवरच्या खडीत अंडी घालणारी टिटवीही आपल्या परिचयाची आहे. परंतु लांडोर काय किंवा टिटवी काय, अंड्यांवर बसणे कोणालाच चुकत नाही. निकोबारी मेगापोड मात्र त्या फंदातच पडत नाही. फक्त निकोबार बेटांवर राहणारा हा पक्षी कोंबडीएवढा, तपकिरी, चेहऱ्यावर लालसर उघडी कातडी असलेला, आणि पाय म्हणाल तर अंगाच्या मानाने भलतेच मोठे.

त्या पायांनी वाळू, माती, प्रवाळाचा चुरा आणि पालापाचोळा मागे ढकलत नर-मादी किनाऱ्यालगतच्या जंगलात मोठा ढीग रचतात, आणि मादी त्यात खोल खड्डा करून अंडे पुरते. परसातल्या खतखड्ड्यात हिवाळ्यात काठी खुपसली की वाफ निघते. तीच कुजण्याची ऊब इथे अंड्याला मिळते. एकच ढीग वर्षानुवर्षे वापरात राहतो आणि कधी कधी एकाहून अधिक जोड्या त्यात अंडी घालतात. अंड्यात बलकाचे प्रमाण मोठे असल्यामुळे पिल्लू आतच पुरते वाढते, पायांनी कवच फोडते, माती उकरत एकटेच वर येते आणि आईबापांची वाट न पाहता जंगलात निघून जाते. पंख आधीच फुटलेले असल्याने लवकरच ते उडूही लागते. पालकत्वाची ही तऱ्हा निष्ठुर वाटते खरी, पण आईबापांचे सारे कष्ट त्या ढिगातच आहेत.

किनारा धरून राहण्याची ही सवय २००४ च्या त्सुनामीत महागात पडली. नंतरच्या पाहणीत या पक्ष्यांची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. त्यातून सावरणाऱ्या पक्ष्यासमोर आता ग्रेट निकोबारचा प्रकल्प उभा आहे: ज्या गॅलाथिया उपसागरात बंदर व्हायचे आहे, तेथील अभयारण्याचा दर्जा २०२१ मध्ये काढून घेण्यात आला. तोडल्या जाणाऱ्या जंगलाची भरपाई हरियाणात झाडे लावून करण्याचे ठरले, हे वाचून मी कपाळाला हात लावला. ज्याला समुद्राकाठची वाळू आणि तिच्यावर साचणारा पाला एकाच जागी हवा, त्या पक्ष्याला अरवलीतल्या रोपांचा काय उपयोग, हे भरपाईचा हिशेब मांडणाऱ्यांनी तरी सांगावे.